दार उघडणारा माणूस

मागच्या महिन्यात या सदरात मी एवढंच विचारलं होतं: कमी पैशांत केलेला, दोन-चार पात्रांचा, ‘अनोळखी माणूस घरात येतो’ या जातीचा थरारपट पाहताना तुम्हाला राग कुठे येतो आणि भीती कुठे वाटते? आलेली निम्मी पत्रं रागाची आहेत. मला बरं वाटलं. प्रेक्षक चिडतो तेव्हा तो जागा असतो. मी ध्वनिमुद्रक. अशा सिनेमांच्या सेटवर हेडफोन लावून कोपऱ्यात बसण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. त्यामुळे उत्तरं कानाच्या बाजूने येणार, तेवढं सांभाळून घ्या.

प्रश्न: ताई, परवा असाच एक सिनेमा पाहिला. पावसाची रात्र, बाई एकटी, दारात अनोळखी माणूस. म्हणतो, गाडी बंद पडली, एक फोन करू द्या. ती चक्क आत घेते! पुढे तो विचित्र बोलायला लागतो, तरी ही ‘बसा’ म्हणते. आमच्या घरात सगळे पडद्यावर ओरडत होते. या लेखकांना अक्कल नसते का?

अक्कल असते की नाही, ते एका गोष्टीवरून ओळखता येतं. तो माणूस काय काय मागतो आणि कोणत्या क्रमाने मागतो, ते पुन्हा एकदा पाहा. आधी फोन. मग डोकं पुसायला टॉवेल. मग पाऊस ओसरेपर्यंत पाच मिनिटं. मग बाथरूम कुठे आहे. यातली एकेक मागणी इतकी किरकोळ असते की नाही म्हणणाऱ्याचीच लाज निघावी. आपल्याकडे याला चंचुप्रवेश म्हणतात. आधी चोच आत येते, मागून मुसळ.

जोनाथन फ्रीडमन आणि स्कॉट फ्रेझर या दोघा मानसशास्त्रज्ञांनी हे 1966 साली प्रयोगातून दाखवलं. त्यांनी कॅलिफोर्नियात लोकांना विचारलं, ‘जपून चालवा’ असा एक भलामोठा, बेढब फलक तुमच्या अंगणात लावू का? थेट विचारलं तेव्हा सुमारे 17 टक्के लोक हो म्हणाले. पण काही जणांकडे आधी दुसराच कुणीतरी येऊन गेला होता आणि त्याने याच विषयावरची वीतभरही नसलेली चिठ्ठी खिडकीत लावायची विनंती केली होती. त्या गटातले 76 टक्के लोक मोठ्या फलकालाही हो म्हणाले. चिठ्ठी लावली त्या दिवशी ते स्वतःच्या नजरेत ‘सहकार्य करणारा माणूस’ झाले होते. दोन आठवड्यांनी त्या माणसाला नाही म्हणणं जड गेलं.

तुमच्या सिनेमातल्या बाईचं हेच झालं असणार. ती मूर्ख नाही. समोरचा माणूस ठीक नाही हे तिला तुमच्याआधी कळलेलं असतं. नीट पाहिलंत तर टॉवेल देताना तिचा हात क्षणभर थांबलेला दिसेल. पण ‘तुम्ही आता निघा’ हे तोंडातून निघत नाही, कारण त्याने अजून काहीच केलेलं नाही. तो निरुपद्रवी निघाला तर? मग आपण उद्धट ठरलो. धोका पत्करेन पण उद्धट ठरणार नाही, असा हा हिशोब आहे. भीड भिकेची बहीण, असं आपण सहज म्हणतो. या सिनेमांत ती त्याहून वाईट कुणाची तरी बहीण असते.

म्हणून अशा सिनेमात मी एकच गोष्ट शोधते: ‘बाहेर जा’ म्हणणं अशक्य कधी झालं? चांगल्या लेखकाला ते मिनिट ठाऊक असतं आणि ते दाखवण्यावर तो सगळी मेहनत खर्च करतो. वाईट लेखक बाईला विसरभोळी करतो, किल्ली हातातून पाडतो आणि मोबाइलची रेंज घालवतो. (रेंज नसलेल्या मोबाइलचा क्लोजअप आला की आमच्या मिक्सिंग स्टुडिओत हशा पिकायचा.) तुमचा लेखक दुसऱ्या प्रकारचा असेल तर खुशाल ओरडा.

राम गोपाल वर्मांचा ‘कौन’ पाहिला नसेल तर पाहा. साल 1999, एक घर, तीन पात्रं, गाणं एकही नाही. त्यात दार बराच वेळ बंदच राहतं. बाहेरचा माणूस बेल वाजवत राहतो, बोलत राहतो, आणि त्याचं ते चिकट, अजिजीचं बोलणं ऐकून कधी कधी आपल्यालाच वाटतं, उघड बाई एकदाचं. प्रेक्षकाच्याही भिडेला हात घालणारा हिंदी सिनेमा मी फारसा पाहिलेला नाही. यापुढचं एक अक्षर सांगणार नाही.

प्रश्न: मी वीस वर्षांचा आहे. मामांचं रिकामं घर आठ दिवसांसाठी मिळतंय. दोन मित्र अभिनय करतात. कॅमेरा म्हणजे मोबाइल. अनोळखी भाडेकरूवर गोष्ट लिहिली आहे. पैसे जवळजवळ नाहीतच. जे आहेत ते कशावर घालवू?

तुझं पत्र वाचून मला हेवा वाटला. एक घर, दोन माणसं, आठ दिवस. या प्रकारच्या सिनेमाला यापेक्षा जास्त मिळालं की तो बिघडतो. खोल्या कमी असल्या की पात्रांना पळायला जागा राहत नाही.

‘फॉलोइंग’ हा क्रिस्टोफर नोलनचा पहिला पूर्ण लांबीचा सिनेमा, 1998 सालचा. एक रिकामटेकडा लेखक रस्त्यात अनोळखी माणसांचा पाठलाग करत सुटतो आणि एके दिवशी त्यांतलाच एक वळून त्याच्या समोर येऊन बसतो. खर्च सुमारे 6,000 डॉलर. सगळ्यांना नोकऱ्या होत्या, म्हणून चित्रीकरण सुट्टीच्या दिवशी, वर्षभर. खरा खर्च फिल्मच्या रिळांचा होता. तो वाचवायला त्यांनी आधी नाटकासारख्या तालमी केल्या आणि मग एका-दोन टेकमध्ये प्रसंग उरकले. तुझ्या मोबाइलला रीळ लागत नाही, त्यामुळे तू एकेका वाक्याचे तीस टेक घेणार, हे मला आत्ताच दिसतंय. नको घेऊस. आठातले तीन दिवस नुसत्या तालमींना दे. तिसऱ्या दिवशी तुझे मित्र एकमेकांना कंटाळतील, तेव्हा कॅमेरा काढ. भाडेकरू आणि मालक एकमेकांकडे जसे बघतात, तसे ते तेव्हा बघू लागतील.

‘कोहेरन्स’ उलट्या वाटेने गेला. साल 2013, दिग्दर्शकाचं स्वतःचं घर, पाच रात्री. नटांना पूर्ण पटकथा दिलेलीच नव्हती. रोज ज्याची त्याला वेगळी चिठ्ठी मिळायची: आज तुला एवढं माहीत आहे, एवढं तू सांगायचंस. समोरचा काय करणार हे कुणालाच ठाऊक नाही, त्यामुळे चेहऱ्यावरचा गोंधळ खराच. हे करायला मात्र कसलेले नट लागतात आणि दिग्दर्शकाच्या डोक्यात गोष्ट पक्की लागते. पहिल्या खेपेला तू नोलनची वाट धर.

अंधाराच्या नादी लागू नकोस. मोबाइलचा सेन्सर एवढासा असतो, काळोखात तो चित्रात मुंग्या सोडतो. संध्याकाळी खिडकीजवळ किंवा एका टेबललॅम्पच्या उजेडात चित्रीकरण कर आणि एक्स्पोजर, म्हणजे कॅमेरा किती उजेड घेतो ते, लॉक करून ठेव, नाहीतर पात्र हललं की भिंत उजळते आणि सगळं सोंग उघडं पडतं.

आता पैसे. एक बरा कॉलर माइक घे. उरलेल्या सगळ्यासाठी मामांच्या घरातल्या गाद्या आणि रजया पुरतील. कॅमेऱ्याला दिसत नाहीत त्या भिंतींवर आणि जमिनीवर त्या टाक, रिकाम्या घराचा घुमारा मरतो. डळमळीत चित्र प्रेक्षक चालवून घेतो. कधी कधी ते मुद्दाम केलंय असंही समजतो. पण वाक्य ऐकू आलं नाही तर शेजारच्याला ‘काय म्हणाला?’ विचारतो, आणि त्या क्षणी तुझी भीती गेली.

टेकच्या वेळी फ्रिज बंद कर. त्याची घरघर आपले कान सवयीने सोडून देतात, माइक सोडत नाही. आणि फ्रिज बंद केलास की गाडीची किल्ली त्यात ठेव. आमच्या धंद्यातली ही जुनी युक्ती आहे. रात्री निघताना किल्ली शोधत फ्रिज उघडावाच लागतो आणि तो पुन्हा चालू करायची आठवण होते. गाडी नसेल तर चपला ठेव.

सगळ्यात महत्त्वाचं, प्रत्येक खोलीत दिवसाअखेर एक मिनिटाची शांतता मुद्रित कर. याला रूम टोन म्हणतात. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. संकलनात दोन वाक्यांमधली जागा वाढवलीस आणि तिथे काहीच आवाज नसला, तर कानाला खड्डा लागतो. त्या खड्ड्यात ही शांतता भरायची असते. तुझ्या गोष्टीत तर दोन वाक्यांमधल्या जागेवरच सगळं अवलंबून आहे. त्या मिनिटात दिवे तेच, माणसं तीच, आणि कुणीही हलायचं नाही.

एका रूम टोनची गोष्ट सांगते. विषय सोडून नाही.

आम्ही असाच एक छोटा थरारपट करत होतो. भाड्याचं घर, रात्रीचं काम, अकरा जणांचं युनिट. तिसऱ्या रात्री मी रूम टोन मागितला. सगळे पुतळे झाले. मी डोळे मिटून ऐकत होते आणि नाकातून बारीक शिट्टी वाजवणारा एक श्वास कानात आला. युनिटमधल्या सगळ्यांचे श्वास मला तोवर पाठ झाले होते, हा त्यातला नव्हता. डोळे उघडले. खिडकीपाशी राखाडी शर्टातला एक माणूस उजेड परतवायचा थर्मोकोल दोन्ही हातांनी धरून उभा होता. चेहरा ओळखीचा, कारण आदल्या दोन्ही रात्री तो तिथेच होता. मला वाटलं होतं, प्रकाशयोजनाकाराचा मदतनीस. प्रकाशयोजनाकाराला वाटलं, निर्मात्याचा माणूस. निर्मितीवाल्या मुलीला वाटलं, नटाचा भाऊबीऊ. काम तर चोख करत होता. केबल गुंडाळायचा, सांगितलं की सरकायचा.

दिग्दर्शकाने विचारलं, “आपण कुणाकडून?”

तो म्हणाला, “कुणाकडून नाही. परवा रस्त्याने जात होतो, दार उघडं दिसलं.”

थर्मोकोल भिंतीला व्यवस्थित टेकवून ठेवला, पायातली केबल न अडखळता ओलांडली आणि गेला. काही चोरीला गेलेलं नव्हतं. आम्ही उरलेली रात्र एकही शॉट घेऊ शकलो नाही. आमच्या सिनेमाची गोष्ट काय होती? कुणी विचारत नाही म्हणून घरात राहून गेलेल्या माणसाची. ‘असं कुठे असतं का?’ यावर दिग्दर्शकाचं आणि लेखकाचं त्याच दुपारी कडाक्याचं भांडण झालं होतं.

असं असतं. बिब लटाने आणि जॉन डार्ली या मानसशास्त्रज्ञांच्या 1968 च्या प्रयोगात विद्यार्थी एका खोलीत अर्ज भरत बसलेले असतात आणि भिंतीतल्या झरोक्यातून धूर यायला लागतो. एकटे बसलेल्यांपैकी 75 टक्क्यांनी बाहेर जाऊन सांगितलं. पण बरोबर ढिम्म बसून राहणारी, प्रयोग करणाऱ्यांनीच बसवलेली दोन माणसं असली, तर दहातला एकच उठला. बाकीचे डोळे चोळत, खोकत, हाताने धूर वारत अर्ज भरत राहिले. शेजारचा शांत आहे, त्या अर्थी काही नसेल. आम्हीही त्या खोलीत अकरा जण होतो.

हे तुझ्या पटकथेत वापर. भाडेकरूविषयी दोघांनाही शंका आहे आणि दोघंही दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहून गप्प बसतात, असा एक प्रसंग लिही. आणि शूटिंगच्या वेळी मामांच्या घराचं दार आतून लावून घे.

प्रश्न: धोका प्रेक्षकाला आधी दाखवावा की लपवावा? आमच्या चित्रपट मंडळात यावर दोन तट पडले आहेत.

दोन्ही तट थरारपटांचा दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक याचाच दाखला देत असणार. त्याने फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोला दिलेल्या मुलाखतीतला टेबलाखालचा बाँब आता इतका घासून गुळगुळीत झालाय की उगाळायचा कंटाळा येतो. तरी, ज्यांनी ऐकला नाही त्यांच्यासाठी: बाँब आहे हे प्रेक्षकाला ठाऊक नसेल तर स्फोटाच्या वेळी पंधरा सेकंदांचा धक्का मिळतो. ठाऊक असेल तर टेबलावरच्या निरर्थक गप्पाही पंधरा मिनिटं जीव टांगणीला लावतात.

पण अनोळखी माणसाच्या सिनेमाचं दुखणं तिसरंच आहे. खोलीत बाँब आहे एवढी शंका आपल्याला असते, पण तो कुणाच्या खुर्चीखाली आहे ते कळत नाही. कदाचित आपण ज्याच्या बाजूने आहोत, त्याच्याच. हे साधायला काय दाखवायचं यापेक्षा काय कधीच दाखवायचं नाही ते ठरवावं लागतं. स्पीलबर्गचा ‘ड्युएल’ घ्या. 1971 साली टीव्हीसाठी केलेला, दोन आठवड्यांच्या आत चित्रित झालेला. एक साधा विक्रेता मोटारीने निघालाय आणि एक गंजका टँकर विनाकारण त्याच्या जिवावर उठलाय. टँकरच्या ड्रायव्हरचा चेहरा शेवटपर्यंत दिसत नाही. बूट दिसतात, खिडकीबाहेर आलेला हात दिसतो. टँकरच्या पुढच्या बंपरवर मात्र वेगवेगळ्या राज्यांच्या नंबरप्लेट ठोकलेल्या आहेत. त्या कुठून आल्या याबद्दल सिनेमात कुणी अवाक्षर काढत नाही. मला त्या तिसऱ्यांदा पाहताना दिसल्या आणि मी टीव्हीच बंद केला.

खलनायकाला चेहरा नसला की नटाचे पैसेही वाचतात, हे तुमच्या मंडळातल्या हिशोबी तटाला जरूर सांगा.

प्रश्न: माझी तेरा वर्षांची मुलगी मैत्रिणींबरोबर असे सिनेमे पाहते. हल्ली बेल वाजली की दचकते, लिफ्टमध्ये कुणी अनोळखी असेल तर जिन्याने येते. बंद करू का हे पाहणं?

मी समुपदेशक नाही. झोप उडाली असेल, शाळेत जायला घाबरत असेल, तर त्या जाणकारांकडे जा, माझ्याकडे नको. नाहीतर काही दिवस तिच्या शेजारी बसून पाहा.

जिन्याने येते त्यात मला काही गैर दिसत नाही. लिफ्टमध्ये शिरायला नको वाटलं आणि ती शिरली नाही. पहिल्या पत्रातल्या बाईला हे जमलं असतं तर सिनेमा दहा मिनिटांत संपला असता. तिला ‘काय वाटेल त्या काकांना’ असं म्हणू नका, एवढंच.

मात्र एका बाबतीत हे सिनेमे चक्क खोटं बोलतात आणि ते तिला सांगायला हवं. मुलांना इजा करणारी माणसं बहुतेक वेळा अनोळखी नसतात. नात्यातली, ओळखीची, घरात येणारी-जाणारी असतात. जगभर हेच दिसून आलेलं आहे. सिनेमाला अनोळखी माणूस सोयीचा पडतो, कारण त्याला भूतकाळ द्यावा लागत नाही आणि शेवटी त्याला मारलं की घर पुन्हा स्वच्छ होतं. ओळखीच्या माणसाच्या गोष्टीत घर स्वच्छ होत नाही, म्हणून ती गोष्ट कमी वेळा लिहिली जाते. तेव्हा नको वाटलं तर ‘नको’ म्हणायची मुभा ओळखीच्यांसमोरही आहे, हे तिच्या कानावर घाला. सिनेमा संपल्यावर पाच मिनिटांत होणारं बोलणं आहे.

प्रश्न: आमचे हे सिनेमा सुरू झाल्यावर विसाव्या मिनिटाला शेवट ओळखतात आणि मोठ्याने सांगतात. बहुतेक वेळा बरोबर असतो. काय करावं?

चुकीचा शेवट असलेला सिनेमा निवडा. म्हणजे ज्यात शेवटी काहीच उलगडत नाही असा. ते ओळखतील, सिनेमा हो किंवा नाही म्हणणार नाही, आणि पुढचा आठवडा ते तुम्हाला पटवण्यात घालवतील. मला याच आजाराचा भाऊ आहे. अनुभवाने सांगते.

प्रश्न: मला असे सिनेमे फार आवडतात, पण रात्री एकटीने पाहायची हिंमत होत नाही. काही युक्ती?

भीती वाटली की डोळे झाकू नका, आवाज बंद करा. डोळे झाकल्यावर तर सगळी भीती कानातूनच आत येते.

हिचकॉकच्या ‘सायको’मधला न्हाणीघरातल्या खुनाचा प्रसंग असा पाहून बघा. त्याला तो आधी संगीताशिवायच हवा होता. संगीतकार बर्नार्ड हर्मनने तरीही त्यासाठी तुकडा लिहिला, सबंध सिनेमासारखाच नुसत्या तंतुवाद्यांवर, आणि तो ऐकल्यावर हिचकॉकने मत बदललं. आवाज बंद करून पाहिलं की समोर भराभर कापलेली चित्रं उरतात: हात, पडदा, पाणी, नळ. सुरी अंगाला लागलीय असं वाटायलाही प्रयास पडतात.

मी एकटी असते तेव्हा असंच पाहते. त्यात एक गोची आहे, तीही सांगून ठेवते. सिनेमाचा आवाज बंद केला की आपल्या घराचा रूम टोन ऐकू यायला लागतो. फ्रिज, पंखा, जिन्यातली पावलं. त्यावर माझ्याकडे उपाय नाही.